पोचले की फोन करते

खरं सांगायचं तर मी फ्रेंच शिकायला निघाले नव्हते. या वयात आणि कशाला? पण नातीनं अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घेतलं. "आजी, फ्रेंचला मार्क पडतात गं" हे तिचं कारण. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या घरात हे असं! दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी तीच वही घेऊन आली, "आजी, उद्या टेस्ट आहे, एवढा एक टेन्स घे ना माझा." आता वही पुढ्यात आल्यावर न तपासता परत देणं मला जमत नाही. फ्रेंच अक्षरांखाली पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून दे, या अटीवर मी तयार झाले.

काळाचं नाव होतं फ्युत्यूर आंतेरिएर. म्हणजे शब्दशः 'आधीचा भविष्यकाळ'. पुढं दोन गोष्टी व्हायच्या असतील तर त्यातली जी आधी उरकलेली असेल तिचा काळ. आपण शाळेत त्याला पूर्ण भविष्यकाळ म्हणतो.

बनवायची रीत सोपी आहे. एक साहाय्यक क्रियापद भविष्यकाळात घ्यायचं आणि त्यापुढं मुख्य क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित ठेवायचं. साहाय्यक क्रियापदं दोनच. 'आव्हवार' म्हणजे जवळ असणे आणि 'एत्र' म्हणजे असणे. 'झोरे फिनी' म्हणजे माझं संपवून झालं असेल. 'एल सरा पार्ती' म्हणजे ती निघाली असेल. बहुतेक क्रियापदं 'आव्हवार' घेतात. जाणे, येणे, पोचणे, निघणे, जन्मणे, मरणे, पडणे अशी थोडी 'एत्र' घेतात. नातीच्या वहीत त्यांचं एक घर काढलं होतं. कुणी दारातून आत येतंय, कुणी जिना चढतंय, कुणी खिडकीतून पडतंय! मला ते घर फार आवडलं. आम्ही वर्गात असं काही काढलं नाही कधी.

इथवर मी नुसती घोकून घेत होते. मग ती म्हणाली, "एत्रवाल्यांना कर्त्याचं लिंग-वचन लागतं. आव्हवारवाल्यांना कर्त्याचं नाही लागत. पण कर्म आधी आलं असेल तर कर्माचं लागतं. हे फार कठीण आहे, सगळे चुकतात."

मी म्हटलं, उदाहरण दे.

पत्राला फ्रेंचमध्ये 'लेत्र' म्हणतात, आणि ते स्त्रीलिंगी. 'मी पत्रं लिहिली असतील' असं साधं म्हणायचं तर 'एक्री'. पण 'जी पत्रं मी लिहिली असतील' म्हटलं, म्हणजे पत्रं वाक्यात आधी आली, की त्याच 'एक्री'चं 'एक्रीत' होतं. लिहिणारा पुरुष असो की बाई, फरक पडत नाही. लिहिलं काय ते बघायचं.

आता सांगा, यात कठीण काय आहे? ती गेली असेल, ते गेले असतील. हा कर्तरी प्रयोग. त्यानं पत्र लिहिलं असेल, तिनं चिठ्ठी लिहिली असेल, आईनं लाडू केले असतील. हा कर्मणी. आपली दोन वर्षांची पोरंसुद्धा हे बरोबर बोलतात. फ्रेंच माणूस कर्म आधी आलं तरच त्याच्याकडे बघतो, आपलं कर्म बहुतेक वेळा आधीच येऊन बसलेलं असतं. मी नातीला म्हटलं, अगं, तू हे इंग्रजीतून शिकतेस म्हणून अडतेस. इंग्रजीत ही भानगडच नाही. मराठीतून ये, निम्मं काम झालेलंच आहे. (निम्मंच. सगळं नाही. 'ती झोपली असेल' हे आपल्याकडे सरळ 'गेली असेल'सारखं चालतं, फ्रेंचमध्ये मात्र झोपणारी बाई 'आव्हवार' घेते. आणि आपल्याकडे 'तिनं पुस्तक वाचलं' पण 'ती धडा शिकली'! अशी चावट क्रियापदं दोन्हीकडे पाठच करावी लागतात.)

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळंच होतं. पूर्ण भविष्यकाळ शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, 'मी आंबा खाल्ला असेन.' गाइडात तसंच असायचं. एकदा आठवीतल्या एका मुलीनं पेपरात लिहिलं, 'मी पत्रं लिहिली असतील.' मी लाल शाईनं 'असेन' केलं आणि अर्धा मार्क कापला. ती विचारायला आली होती, "बाई, तिनं पत्रं लिहिली असतील, मग मी का नाही?" मी म्हटलं, कर्ता 'मी' आहे ना, मग असेन. बस जागेवर. 'मी'ला 'नं' दिसत नाही एवढंच, प्रयोग कर्मणीच. पोरीचं बरोबर होतं. हे मला या वयात 'एक्रीत'मधल्या त्या 'त'नं सांगावं!

तसं फ्रेंच माणसानं आपल्याला मराठी सांगणं नवं नाही. बीएला असताना झ्यूल ब्लॉक हे नाव ऐकलं होतं. मराठी भाषा कशी घडली यावर या गृहस्थांचं मोठं पुस्तक 1920 साली पॅरिसमध्ये निघालं, फ्रेंचमध्ये. वा. गो. परांजपे यांनी ते मराठीत आणलं. आम्ही तेव्हा नाव पाठ केलं आणि दोन मार्क मिळवले. असो.

खरी गंमत पुढच्या पानावर होती. तिथं याच काळाचा दुसरा उपयोग दिला होता. अंदाज. 'इल ओरा मांके सों त्रँ.' त्याची गाडी चुकली असेल. म्हणजे भविष्याचा काही संबंधच नाही. गोष्ट झालेली आहे किंवा झालेली नाही, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आणि मला 26 जुलै 2005 ची रात्र आठवली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर कळला. हे तेव्हा फोर्टात नोकरीला होते. दुपारी ऑफिसातून फोन आला होता, "निघतो आता." त्यानंतर काही नाही. हार्बर लाइन बंद, मोबाइल लागेना, वीज गेलेली. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगीत सहा घरांतली माणसं परतली नव्हती. आम्ही बायका मेणबत्ती लावून जिन्यात बसलो होतो. कुणालाच काही माहीत नव्हतं, पण सगळ्या बोलत होत्या. ऑफिसातच थांबले असतील. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे अडकली असेल. कुणीतरी चहा दिला असेल. रात्री दोन वाजता समोरच्या काकू म्हणाल्या, "झोपलेही असतील गं कुठंतरी, आपणच जाग्या." आणि आम्ही हसलो. रात्रभर आम्ही दुसऱ्या काळात बोललोच नाही. 'असेल' म्हटलं की ना खोटं बोलल्यासारखं होतं, ना गप्प बसावं लागतं. एकदा एकीच्या तोंडून आणखी एक 'असेल' निघणार होतं, वाईट. तिनं अर्धं वाक्य गिळलं.

हे दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आले. रात्र लोकलमध्ये बसून काढली, सकाळी रुळांवरून चालत मानखुर्द गाठलं, एका ट्रकवाल्यानं खाडीपूल ओलांडून दिला. कुणी चहा दिला होता का, हे मी पहिलं विचारलं. दिला होता. पाव पण.

त्यानंतर चार वर्षं मी नोकरी केली, दरवर्षी पूर्ण भविष्यकाळ शिकवला, आणि दरवर्षी 'आंबा खाल्ला असेन' हेच लिहिलं. ती रात्र फळ्यावर आणावी असं मनातही आलं नाही. व्याकरणाचा तास वेगळा आणि घरातली भाषा वेगळी, असंच जणू धरून चालले होते.

आणखी एक गोष्ट नातीनंच दाखवली. 'केल्यावर', 'झालं की' अशा ठिकाणी फ्रेंचमध्ये हा काळ वापरावाच लागतो. 'दे क' म्हणजे 'होताच, झालं की'. त्यापुढं काम पुढं व्हायचं असेल तर क्रियापदानं भविष्याचं तिकीट काढायलाच हवं. आपण मात्र किती बेधडक! पाऊस थांबला की निघू. पोचलो की फोन करतो. अजून घराबाहेर पाऊल पडलं नाही, तरी 'पोचलो' भूतकाळात आणि 'करतो' वर्तमानकाळात. भविष्यकाळ औषधालाही नाही. नातीच्या टेस्टमध्ये नेमकं हेच चुकलं. तिनं मराठी डोक्यात ठेवून 'पोचले की'चा सरळ भूतकाळ करून टाकला. आजीच्या सल्ल्याचा हा परिणाम. दोन मार्क गेले. "निम्मं काम झालेलंय म्हणालीस ना!" असं म्हणून तिनं मला पेपर दाखवला. लाल शाई होती. मी काही बोलले नाही.

परवा ती मैत्रिणींबरोबर चार दिवस पुण्याला निघाली. ट्रेनची वेळ, पावसाची हवा. मी आदल्या रात्री पाठ करून ठेवलेलं वाक्य दारात म्हटलं, "दे क त्यू सरा आरिव्हे, तेलेफोन मुआ." लिहिताना 'आरिव्हे'च्या शेवटी मुलगी म्हणून एक जादा अक्षर येतं, बोलताना ते ऐकू येत नाही, हेही मला ठाऊक होतं.

"आजी, 'र' घशातून काढ," ती बूट घालता घालता म्हणाली. "आणि काळजी करू नकोस. पोचले की फोन करते."

साडेअकरापर्यंत फोन आला नाही. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घाटात रेंज गेली असेल."

मी म्हटलं, "असेल."

पावणेबाराला आला.