टाके घातल्यानंतरची सर्जरी

भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसमध्ये हात सापडला किंवा कंटेनरखाली पाय आला, की ऑपरेशन कुणी केलं, किती तास चाललं, याचीच चर्चा होते. खरा निकाल मात्र पुढच्या दोन-तीन रात्रींत आयसीयूत लागतो, आणि नेमकी त्या रात्रींची तालीम आपण सर्जनला नीट देत नाही. चिरडलेल्या स्नायूतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतं. पहिलं हृदयाच्या मुळावर येतं, दुसरं मूत्रपिंडांच्या. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी दगावत, हे बायवॉटर्स आणि बील यांनी 1941 मध्ये नोंदवलं. युरिन बॅगमध्ये मायोग्लोबिनमुळे काळ्या चहाच्या रंगाची झालेली लघवी दिसली, की आजही पोटात गोळा येतो तो यामुळेच.

आयसीयूत इंटेन्सिव्हिस्ट आहेत की, मग सर्जन तिथं कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ही शाखा मुख्यतः भूलतज्ज्ञांनी आणि फिजिशियननी वाढवली. व्हेंटिलेटर त्यांच्याच हाती राहावा. पण पोटरीत दाब वाढू लागल्याची पहिली खूण म्हणजे पायाची बोटं ताणल्यावर होणारी असह्य कळ. गुंगीत ठेवलेला पेशंट ती सांगणार कशी? पायाची नाडी बराच काळ लागत राहते आणि फसवते. सुईनं दाब मोजता येतो. डायस्टोलिक रक्तदाब आणि पोटरीतला दाब यांतलं अंतर 30 च्या खाली गेलं तर स्नायूंवरचं आवरण (फॅसिया) उघडायचा विचार लगेच करावा लागतो. मात्र सुई घालावी अशी शंका आधी कुणाला तरी यायला हवी. आत काय चिरडलं होतं हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्याला ती लवकर येते. अर्थात तो रात्री तिथं असेल तर!

सर्जन आधीच कमी, त्यात आणखी शिक्षण कुठून, हा आक्षेप जास्त वजनदार. अमेरिकेत जनरल सर्जरीनंतर आयसीयूतल्या उपचारांचं वेगळं वर्ष असतं, दिल्लीच्या एम्समध्ये ट्रॉमा सर्जरीत एम.सीएच. करता येतं. तेवढं सगळ्यांनी करावं असं मी म्हणत नाही. एम.एस.च्या तीन वर्षांतलेच काही महिने पुरतील. पिंपरीत वायसीएम रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालय अशी दोन पदव्युत्तर केंद्रं आहेत, कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. सर्जरीच्या निवासी डॉक्टरला तिथल्या आयसीयूत सलग नाइट ड्यूटी द्या, आणि त्या काळात ओटीच्या यादीतून त्याचं नाव काढा.