धुळीचा हिशोब

११ सप्टेंबर २००१ हा दिवस आपल्या वर्गातल्या मुलांना शाळेत इतिहासाच्या तासाला शिकवतात. त्यांच्या लेखी तो संपलेला धडा आहे. आम्हा काही पालकांचा तो अजून चालू आहे, म्हणून हे चार शब्द.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच एच-वनवर आलेला, वॉल स्ट्रीटजवळच्या एका कचेरीत कामाला. १७ सप्टेंबरला शेअर बाजार उघडला, पाठोपाठ आमची कचेरी. कीबोर्डच्या फटींत राखाडी पूड बसली होती. ती ओल्या पेपर टॉवेलने पुसून आम्ही कामाला लागलो. १८ तारखेला पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. इतकं ठाम सांगण्यापुरती माहिती तेव्हा हाती नव्हती, असं त्याच खात्याच्या तपासनिसांनी २००३ साली लिहिलं. ढिगारा तर डिसेंबरपर्यंत धुमसत होता. पण व्हिसावरचा माणूस खोकला आला म्हणून घरी बसतो होय!

ती पूड म्हणजे सिमेंटचा भुगा, काचेचे तंतू, ॲस्बेस्टॉस आणि काजळी. सिमेंटमुळे ती चुन्यासारखी नाक-घसा जाळायची. सायनस, दमा, आम्लपित्त लवकर दिसले. ॲस्बेस्टॉसच्या कर्करोगाला वीस-तीस वर्षंही लागतात. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. नंतर आजाराने गेलेले आता त्याहून जास्त झाले आहेत.

२०११ च्या झड्रोगा कायद्याखाली जो आरोग्य कार्यक्रम चालतो, त्यात ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेला तेव्हा राहणारे, शिकणारे, नोकरी करणारेही बसतात. उपचार फुकट, २०१२ पासून कर्करोगाचेही. मात्र आमच्यासारख्या कचेरीवाल्यांना आधी काही लक्षण असावं लागतं, आणि आपण तिथे होतो याचा पुरावाही. आपली निम्मी मंडळी कन्सल्टंट! पगार एका कंपनीचा, खुर्ची दुसऱ्याची, आणि पगार देणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

माझा सायनस त्या धुळीचाच का, हे छातीठोकपणे कोण सांगणार? प्रोग्रॅम बिघडला तर लॉग बघता येतो, नाकाला लॉग नसतो. तरी मी अर्ज भरला आहे. बायकोचं म्हणणं, मी उगाच आजार शोधतो. असेल.

त्या काळच्या टाइमशीट माझ्याकडे आहेत, काहींवर सहकाऱ्यांचीही नावं आहेत. त्या भागात कुणी काम केलं असेल, तर रविवारी वर्ग सुटल्यावर मला गाठा.