काट्याचे डोलणे

सिन्नरच्या मुसळगाव वसाहतीतील ज्या कारखान्याच्या सांडपाण्याचा बंदोबस्त माझ्याकडे आहे, तेथील जुने पॅनेल यंदा उतरवून आकडे दाखविणारे मीटर बसविण्यात आले, आणि तेव्हापासून पाणी घुसळून त्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरशी माझे बोलणेच खुंटले आहे. जुन्या ॲमीटरचा काटा डोलत असे. नवा आकडा सरासरी सांगून मोकळा होतो.

आणि खरी खबर त्या डोलण्यातच असे. संथ गतीचा इम्पेलर मिनिटाला पन्नासएक फेरे घेतो. काटा दर फेऱ्यागणिक उडू लागला की पात्याला चिंध्या गुंडाळल्या आहेत असे खुशाल समजावे. लाइनच्या दुरुस्तीनंतर फेज उलटून चाक उलटे फिरू लागले, तर फवाराच ते सांगतो. परंतु चार-पाच सेकंदांच्या अंतराने काटा झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा संथपणे चढतो व उतरतो, तेव्हा दोष यंत्राचा नसून पाण्याचा असतो. चौकोनी टाकीतील पाणी या भिंतीकडून त्या भिंतीकडे हेलकावते, त्यासरशी इम्पेलरची बुडी क्षणात वाढते व क्षणात घटते, आणि बुडीचा एक इंचही मोटरला जाणवतो. सांडव्याची फळी उतरवावी, तर हेलकावा शमतो, पण फवारा दुबळा होऊन डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या खाली घसरतो. चढवावी, तर मोटर ट्रिप होते. भिंतीलगत आडफळ्या उभ्या कराव्यात, तर त्यांच्या आड गाळ बसून कुजतो. सूचीपत्रातील प्राणवायूचे आकडे २० अंशांच्या स्वच्छ पाण्याचे व समुद्रसपाटीचे. ३० अंशांचे पाणी मुंबईस लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरील, तर आमच्या पठारावर जेमतेम सात. तेव्हा इंचाची उधळपट्टी आम्हांस परवडत नाही.

तळाशी रबरी पडदे अंथरून बुडबुडे सोडणारा पंथ आता सर्वत्र बोकाळला आहे. विजेच्या हिशेबात ते आमच्यावर मात करतात, हे कबूल. १९१४ साली मँचेस्टरच्या अर्डर्न व लॉकेट यांनी हवा फुंकूनच सक्रिय गाळाची क्रिया सिद्ध केली, तेव्हा वडीलकीचा मानही त्यांचाच. पण पडदा चोंदला तर टाकी रिकामी करावी लागते, आणि तोवर केबिनीत बसलेल्या गृहस्थास कशाची दाद नसते.

पाहुणे आले की स्क्रूड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सला व मूठ कानाला लावून डोळे मिटण्याची मला भारी हौस होती. निदान बहुधा आधीच ठाऊक असे, कारण सकाळीच तेलाच्या दांडीवर धातूची चकाकी दिसलेली असे. परंतु हे पाहुण्यांना सांगण्याचे प्रयोजन मला कधी भासले नाही. आता त्या कानाला बारीक स्वर ऐकू येत नाहीत, आणि हौस मात्र तशीच आहे.

डिप्लोमा करून आलेली एक मुलगी हाताखाली आहे. परवा ती म्हणाली, "काका, मीटरची सेटिंग बदलून दर सेकंदाचा आलेख काढलाय, बघा ना." कागदावर माझ्या काट्याचा हेलकावा शिखराशिखराने उमटला होता. तो मी मॅनेजरसाहेबांसमोर ठेवला, आणि कोणी काढला हे त्यांनी विचारले नाही म्हणून मीही सांगितले नाही.

सध्या एका कोपऱ्यात एकच आडफळी उभी करून आम्ही पाहत आहोत. समोरच्या कोपऱ्यातही हवी, असे तिचे म्हणणे. मी गाळाची सबब पुढे करतो, आणि ती सबब अगदीच खोटी नसली तरी ही तजवीज मला आधी सुचली असती, तर दोन्ही फळ्या एव्हाना उभ्या असत्या.