पद्मिनीचा संसार

शाळामास्तराने मोटार घेऊ नये असा काही कायदा नाही. पण केडगावात तो असल्यासारखाच पाळला जातो. आमच्या गावाला रेल्वेचे स्टेशन आहे. पुण्याला आणि दौंडला जायला गाडी आहे. चौफुल्यावर जाऊन उभे राहिले की सोलापूर रस्त्याची एस. टी. आहे. इतके सगळे असताना मास्तरांना मोटार हवी कशाला, असे मला वाण्याने विचारले, पोस्टमनने विचारले आणि ज्यांची स्वतःची दोन दोन वाहने दारात उभी असतात अशा बागाइतदारांनीही विचारले. खरे उत्तर माझ्या आईच्या गुडघ्यांत होते. स्टेशनचा जिना तिला चढवेना आणि एस. टी.ची पायरी तिच्या मांडीइतकी उंच. पण गुडघ्यांचे कारण सांगावे तर लोक लगेच रिक्षाचे नाव घेत. म्हणून मी नुसता हसत असे.

नवी मोटार घेण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा मासिक हप्ता आणि माझा पगार यांची मी एकदा कागदावर गाठ घालून दिली होती. पगार पहिल्याच फेरीत चीत झाला. मग जुनीच घ्यायची तर कोणती? इथे मात्र मला विचार करावा लागला नाही. लहानपणी गावात डॉक्टर येत ते फियाटमधून. त्या मोटारीचा आवाज ऐकला की अर्धा ताप उतरे. तेव्हापासून मोटार म्हणजे पुढे दोन गोल डोळे, मागे दोन छोटे पंख आणि स्टिअरिंगच्या मानेला चिकटलेला गिअरचा दांडा, हे माझ्या मनात पक्के होऊन बसले आहे.

या मोटारीशी आपले नातेही जवळचे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजे काढली, विमानाचा कारखाना काढला, इंदापूर तालुक्यात ओसाड माळावर ऊस लावून साखर कारखान्याचे गाव वसवले. त्याच माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीतल्या तुरीन शहरच्या फियाट कंपनीची ११०० या नावाची छोटी मोटार तिथे तयार होऊ लागली. इटलीत ती मोटार बंद पडली, लोक विसरले. आपल्याकडे तिचा संसार चालूच राहिला. १९७४च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले. चितोडच्या राणीचे नाव, तुरीनचा सांगाडा आणि कुर्ल्याचे हात. असे त्रिस्थळी माणूस आपल्या नात्यात असते तर आपण त्याला कुठल्या पंगतीला बसवले असते कोण जाणे! पण मोटारीच्या बाबतीत कोणी गोत्र विचारले नाही. लोक वर्षानुवर्षे नंबर लावून तिची वाट पाहत. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा कुठे या राणीचे आसन डळमळले. आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले.

२०१९ साली माझ्या तिसऱ्या कादंबरीचे मानधन आले. त्यात मोटारीची चार चाके आली असती. उरलेली मोटार शिक्षकांच्या पतपेढीने दिली. कर्ज काढून मोटार घेतो म्हणून सौभाग्यवतींनी भुवया चढवल्या, तेव्हा मी त्यांना लालबहादूर शास्त्रींची गोष्ट सांगितली. शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यायचे ठरवले. किंमत १२ हजार रुपये, गाठीला ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि ते कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ती मोटार दिल्लीला त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे.

"म्हणजे शेवटी फेडायचं बायकोनंच ना?" सौभाग्यवती म्हणाल्या. पण भुवया खाली आल्या होत्या.

दौंडला एका निवृत्त रेल्वे गार्डांच्या दारात १९९१ सालची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी होती. मी आमच्या चौफुल्याच्या मिस्त्रींना बरोबर घेतले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगे, आणि हातांच्या रेषांत मुरलेले काळे तेल इतके जुने की ज्योतिषालाही भविष्य दिसू नये. गार्डसाहेब मोठ्या उत्साहाने इंजिन चालू करून दाखवायला निघाले, तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साहेब. इंजान काय, आज न्हाई तर उद्या चालू व्हतंय. गुरुजी, जुनी गाडी उभ्यानं बघायची नसती. खाली वाकून बघायची."

आणि ते खरोखरच मातीत उताणे झोपले. जुनी मोटार घेणाराने हे एक वाक्य लक्षात ठेवले तर त्याचे निम्मे पैसे वाचतील. इंजिनाचे बिघाड पाना-पेचकसाने सुटतात; पिस्टन, रिंगा, बेअरिंगे सगळे बदलता येते. पण खालचा पत्रा गंजला, दाराखालच्या पट्ट्या पोकळ झाल्या, मागचे पाटे जिथे सांगाड्याला अडकवतात ती जागा कुजली, म्हणजे ती मोटार नव्हे, चारचाकी जिरे-पूड. वरून रंग मारला की हे झाकते. मिस्त्रींनी मला शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाकृती लोहचुंबक आणायला सांगितला होता. त्याला एक फडके गुंडाळून त्यांनी तो सगळ्या अंगावरून फिरवला. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. आमच्या पद्मिनीला डाव्या मागच्या चाकावर तळहाताएवढी आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटे पुट्टी निघाली. बाकी हाड शाबूत. ४८ हजारांत सौदा झाला. निघताना गार्डसाहेबांनी तिला हिरवा झेंडा दाखवल्यासारखा हात वर केला आणि आत निघून गेले; परत वळून पाहिले नाही.

विकत घेतली म्हणजे मोटार आपली होते, असा एक गैरसमज आहे. खरा व्यवहार पुढे सुरू होतो. पहिल्या वर्षी तिने १९ हजार रुपये खाल्ले: ब्रेकची रबरे, रेडिएटरचे नळ, क्लचची प्लेट, चार टायर. त्यानंतर मात्र ती शहाण्या सुनेसारखी वागू लागली. तिची मी एक वही घातली आहे. किती किलोमीटरला तेल बदलले, कधी ग्रीस भरले, काय बदलले, काय नुसते पुसून पुन्हा बसवले, हे सगळे तारीखवार. या शेवटच्या रकान्यातच काटकसरीचे मर्म आहे. आजच्या मोटारीत बिघडलेला डबा काढून नवा डबा लावतात. पद्मिनीत मात्र प्रत्येक वस्तू उघडता येते. कार्ब्युरेटर उघडावा, त्याचे सुईच्या नाकाएवढे जेट पेट्रोलने धुऊन फुंकर मारावी, पुन्हा बसवावे. प्लगवरची काजळी घासावी. ठिणगी पाडणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटांत पातळ पट्टी घालून अंतर लावावे. समईची वात सारखी करणाऱ्या बाईला हे काम पहिल्या दिवशी जमेल. आमच्या घरी ते आठवीतल्या मुलीला जमते. तिची बोटे बारीक आणि नजर साफ; माझ्यापेक्षा तिने लावलेले अंतर बरोबर येते असे मिस्त्री म्हणतात, आणि मी मान डोलावतो.

सुट्या भागांसाठी मी पुण्याला नाना पेठेत जातो, तिथे नाही मिळाले तर रविवारी जुन्या बाजारात. पूर्वी हे फार सोपे होते, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे पद्मिनीच. हजारोंनी टॅक्स्या चालत होत्या म्हणून भाग बनत होते. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदवलेली, ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. मुंबईकरांनी हळहळ व्यक्त केली, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. मी मात्र त्या आठवड्यात नाना पेठेत जाऊन दोन हेडलाइटच्या काचा आणि एक डिस्ट्रिब्यूटरचे झाकण घेऊन आलो. दुखवट्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते.

एकदा वैशाखात आम्ही मोरगावला निघालो होतो. आई पुढे, सौभाग्यवती आणि मुलगी मागे. चौफुला सोडून सुप्याच्या अलीकडे माळ लागला आणि ऐन बारा वाजता पद्मिनीने दोन आचके दिले व ती उभी राहिली. तिचा पेट्रोलपंप इंजिनालाच लावलेला असतो. इंजिनाच्या आचेने पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो. उपाय सोपा: पंपावर ओले फडके. पण पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या तोवर रिकाम्या झालेल्या. एक मेंढपाळ कळप घेऊन चालला होता. तो थांबला, उघड्या बॉनेटमध्ये डोकावला आणि गंभीरपणे म्हणाला, "ऊन लागलं जणू हिला." मग खांद्यावरच्या कॅनमधले पाणी त्याने आधी आईला दिले आणि नंतर फडक्यावर ओतले. वीस मिनिटे आम्ही बाभळीखाली बसलो. चारी बाजूंनी मेंढरे. आईने त्याच्याशी सुप्याच्या बाजारापासून सोयरिकीपर्यंत सगळ्या चौकश्या केल्या. नव्या मोटारीतून आम्ही तो माळ काचा लावून वीस मिनिटांत ओलांडला असता. ते अधिक सोयीचे झाले असते, हे मी नाकारत नाही. आईने त्या दिवशीचा प्रवास अजून चार जणांना सांगितला, एवढेच.

आता मात्र पद्मिनीपुढे दोन संकटे आहेत, आणि ती ओल्या फडक्याने भागणारी नाहीत.

पहिले पेट्रोलचे. आमच्या शिवारातला ऊस पूर्वी दोन ठिकाणी जायचा, गुऱ्हाळात नाहीतर कारखान्यात. थंडीत केडगावच्या आसपास फिरा, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास तुम्हाला वाट दाखवील. आता त्याच उसाचे इथेनॉल होऊन ते मोटारीत येते. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ऊसवाल्याच्या पदरात त्याने चार पैसे पडत असतील तर मी तक्रार करणारा कोण? माझ्या वर्गातली निम्मी मुले उसाच्या घरची. पण पद्मिनीच्या काळचे रबर या पेयासाठी बनलेले नाही. ते फुगते, चिरते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि मोटार महिनाभर उभी राहिली की टाकीला गंज धरतो. पंपाच्या पोटातला रबरी पडदा पूर्वी वर्षानुवर्षे टिके. गेल्या वर्षभरात दोन गेले. मिस्त्रींनी सगळ्या नळ्या नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या घातल्या, टाकी उतरवून धुतली, आणि दर आठवड्याला थोडी तरी फिरवायची असे बजावले. म्हणून आमची आई हल्ली दर गुरुवारी बेटात दत्तदर्शनाला जाते. भक्ती वाढली की पथ्य आहे, हे दत्तालाच ठाऊक.

दुसरे संकट कागदाचे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते. २०२१ साली मी त्यासाठी ६०० रुपये भरले. २०२२च्या एप्रिलपासून ते ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार. वर पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला, नव्या धर्तीची नंबरपाटी. माझी पुढची पाळी २०२६च्या डिसेंबरात. सरकारचे म्हणणे मला कळते. जुन्या मोटारीचा धूर जास्त, हे खरेच आहे. पद्मिनीच्या मागे सायकलवरून मीही गेलो आहे. पण वर्षाला दोन हजार किलोमीटर जाणारी, पै पै मोजून नीट राखलेली मोटार आणि दिवसरात्र काळा धूर ओकत धावणारी मोटार, दोघींना एकाच रांगेत उभे करणे मला बरोबर वाटत नाही. परीक्षेत आम्ही असे केले तर पालक शाळेवर मोर्चा आणतील. ५० वर्षे पूर्ण केलेल्या मोटारींना २०२१च्या नियमांनी वेगळा मान दिला आहे, पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही; आणि आमची राणी त्या वयाची व्हायला २०४१ साल उजाडेल. तोवर आईचे गुडघे थांबणार नाहीत.

आणि मिस्त्री? त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याला तेलकट हात नकोत, आणि त्यात काही गैर नाही. मिस्त्री आता बहुतेक कानानेच काम करतात. बॉनेटवर पंजा ठेवून डोळे मिटतात आणि सांगतात, तिसऱ्या प्लगची वायर ढिली आहे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. मी वहीत लिहून घेण्याचा यत्न करतो. पण 'कणकण' आणि 'किणकिण' यांतला फरक शाईत उतरत नाही, आणि मी तर शब्दांवर पोट भरणारा माणूस. मुलगी लिहीत नाही. ती त्यांच्या शेजारी बॉनेटवर आपलाही पंजा ठेवते. परवा त्यांच्या आधी तीच म्हणाली, "आजोबा, टॅपेट वाजतायत ना?" मिस्त्रींनी बराच वेळ कान दिला. मग पाना काढून तिच्या हातात ठेवला आणि स्वतः डबा उलटा करून त्यावर बसले.

त्या रात्री सौभाग्यवती फराळाच्या सामानाची यादी करत होत्या. रवा, बेसन, तूप, खोबरे. मी मोटारीची वही घेऊन समोर बसलो आणि डिसेंबरचा आकडा काही केल्या तोंडातून निघेना. त्यांनी यादी पुरी केली, घडी घातली, आणि म्हणाल्या, "अहो, दहा हजार मी भिशीचे बाजूला ठेवलेत. पण टायर पुढच्या वर्षी. आणि तो पंपाचा पडदा दोन आणून ठेवा, एक जादा असू दे."