मगरिबनंतर त्याला दिसत नाही

आमच्या घरात मुन्नाबद्दल तीन तक्रारी होत्या. पोरगा हावरट आहे, अभ्यासात ढ आहे आणि बघून चालत नाही. मुन्ना म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, वय अकरा. जेवून हात धुतले की अर्ध्या तासात पुन्हा स्वयंपाकघरात हजर. वजन वयाच्या मानाने फार. मगरिबची नमाज पढून घरी येताना मशिदीची पायरी चुकायचा, गल्लीत उभ्या असलेल्या मोटारसायकलला धडकायचा. दिवसा मात्र ठीक.

रातांधळेपणा म्हटला की आपल्याकडे गाजर, पपई आणि कलेजी. त्यात गैर काही नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो आणि वेळेवर औषध मिळाले तर जातोही. पण औषध घेऊनही अंधारात दिसत नसेल तर गाजरावर थांबून चालत नाही. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून मुन्नाचा पडदा तपासला आणि भलताच प्रश्न विचारला, “जन्मला तेव्हा याला जास्तीचे बोट होते का?” माझी जाऊ चपापली. होते. करंगळीला लागून एवढेसे बोट होते, दाईने दोरा बांधून ते पाडले होते. तिथे आता जोंधळ्याच्या दाण्याएवढी खूण उरली आहे. (सहावे बोट पुष्कळ मुलांना असते आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो, तेव्हा घाबरू नका.) पुढे रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि नाव कळले : बार्डेट-बीडल सिंड्रोम. १९२० मध्ये फ्रान्सच्या बार्डेट यांनी आणि १९२२ मध्ये बीडल यांनी वर्णन केलेला आजार.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंकडून मी ते दोनदा समजून घेतले. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींवर एक अतिसूक्ष्म तंतू असतो, त्याला सिलिया म्हणतात. तो पेशीचा अँटेनाच, बाहेरचे संदेश आत आणतो. डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी एका डोळ्यात सुमारे १२ कोटी असतात. या पेशीचा उजेड टिपणारा भाग हा रूप बदललेला सिलियाच आहे. उरलेल्या पेशीशी तो एका अरुंद मानेने जोडलेला असतो.

आमच्या मोहल्ल्यात एक बोळ आहे, त्यातून जेमतेम एक हातगाडी जाते. आतल्या घरांचे सगळे सामान त्याच बोळातून. दंडपेशीचे तसेच. उजेड टिपणारी प्रथिने खाली तयार होतात आणि त्या मानेतून वर जातात. वरचा भाग रोज सुमारे दहावा हिस्सा झिजतो आणि तेवढाच नवा बांधला जातो, म्हणजे ही वाहतूक एक दिवसही थांबून चालत नाही. मुन्नाच्या आजारात जनुकातल्या बिघाडामुळे या वाहतुकीची व्यवस्था मोडते. जे वर राहायला नको ते तिथे साचते, हवे ते नीट पोचत नाही आणि पेशी हळूहळू मरतात. आधी दंडपेशी, म्हणून आधी रात्र जाते. मग बाजूचे दिसणे कमी होते, नळीतून पाहावे तसे. शेवटी रंग आणि बारीक अक्षरे ओळखणाऱ्या शंकूपेशी.

हा अँटेना मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या पेशींनाही असतो. पोट भरल्याचा निरोप तिथे नीट पोचत नाही. त्या दिवशी हे ऐकून माझे दीर खाली मान घालून बसले. ‘हावरट’ हा शब्द घरात त्यानंतर मी ऐकलेला नाही. शिकायला वेळ लागणे हाही पुष्कळदा त्याच आजाराचा भाग असतो. मूत्रपिंडांनाही धोका असतो, म्हणून त्याचे रक्त, लघवी आणि रक्तदाब नेमाने तपासावे लागतात.

जावेने इतकी वर्षे काय काय ऐकले! ग्रहणात बाहेर पडली होती, कुणाची नजर लागली, हिच्या माहेरचेच काहीतरी असेल. आता हिशेब साफ आहे. हा आजार व्हायला बिघडलेले जनुक दोन्हीकडून यावे लागते, एक अम्मीकडून आणि एक अब्बाकडून. दोघेही स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दिरांचा निकाह त्यांच्या सख्ख्या फुफीच्या मुलीशी झालेला, तेव्हा एकाच दादा-दादीकडचे जनुक दोघांकडे उतरले.

इथे कुणी म्हणेल की हा मुसलमानांचाच मसला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर इंग्लंड-आयर्लंडहून आलेल्या मोजक्या घराण्यांचे वंशज राहतात, तिथे हा आजार सतरा-अठरा हजारांत एकाला आहे. उत्तर युरोपात तो लाख-दीड लाखात एकाला. कुवेतच्या बदू लोकांत साडेतेरा हजारांत एकाला. आपल्या शेजारच्या घरांतही मामाची मुलगी करतातच. आणि भीतीही प्रमाणात हवी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या २०१३ च्या अभ्यासात जन्मजात दोषांचे प्रमाण साधारण १०० बाळांत ३ होते, सख्ख्या चुलत-मामे-फुफी नात्यातल्या लग्नांत ते ६ झाले. म्हणजे ९४ बाळे ठीकच. पण ज्या खानदानात असे मूल जन्मले आहे, तिथे हे सरासरीचे आकडे लागू होत नाहीत.

ते आम्हाला आता कळते आहे. मुन्नाची मोठी बहीण वीस वर्षांची, डी.एल.एड. करते. तिला तिच्या मामूच्या मुलाचा रिश्ता आला आहे. मुलगा चांगला, नोकरीला, घरचा. थोरले म्हणतात, “जायज आहे ना, मग?” जायज आहेच. पण जायज म्हणजे फर्ज नव्हे, हे मी त्यांना अदबीने सांगितले आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. मुलीकडे ते जनुक असण्याची शक्यता तीनात दोन, मुलाकडे चारात एक. दोघांचे मिळून होणाऱ्या प्रत्येक बाळाला २४ मध्ये १. आणि हा अंदाजही करत बसायची गरज नाही. मुन्नाच्या तपासणीत नेमका बिघाड सापडलेला आहे, तेव्हा तोच रक्तात आहे की नाही हे बघता येते.

मुन्नासाठी आज पडदा परत आणणारा इलाज नाही. त्याला ठळक अक्षरांची पुस्तके, पुढचा बाक आणि खिशात बॅटरी दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी येते, त्याचे प्रमाणपत्र काढायला टाकले आहे. पुढे परीक्षेला लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा मिळायला ते लागेल. उर्दूची नज्म तो एकदा ऐकून पाठ म्हणतो, त्यामुळे घरी मी त्याला वाचून दाखवते.

रिश्त्याचे घोडे मात्र अडले आहे. मी सुचवले की आधी मुलाचे रक्त तपासा, त्याच्याकडे ते जनुक नसेल तर मुलीला सुई टोचायचेही कारण नाही. मामूंच्या घरचे म्हणतात, मुलाची तपासणी कधी कुणी करते का? काल मुलीनेच मामूंना फोन लावला. अर्धा तास बोलत होती, दार लावून.