मालकी कोणाची?

चाळिशी उलटल्यावर मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून इतिहासात एम.ए. करायला घेतलं. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, घरचं पाहते. अभ्यासाला उरतो तो फजरनंतरचा तासभर. भारताचा इतिहास निदान ओळखीचा होता. जगाचा आणि अमेरिकेचा इतिहास मात्र पहिल्या धड्यापासून नवा.

गाईडमध्ये सगळं मुद्द्यांत बांधलेलं असतं. 1776 च्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान ठरली. 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, त्याची कारणं पाठ करायची. कापसाची शेती, राज्यांचे हक्क, गुलामगिरी. पण त्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती, हे मला गाईडबाहेर वाचावं लागलं.

तसंच वाचता वाचता उमर इब्न सईद भेटले. आजच्या सेनेगलकडचे, मदरशात वर्षानुवर्षं शिकलेले आलिम. 1807 मध्ये त्यांना पकडून जहाजातून अमेरिकेत नेलं आणि विकलं. 1831 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात, गुलाम असतानाच, त्यांनी अरबीत आपली आत्मकथा लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

त्याची पानं मी मोबाईलवर पाहिली. अक्षराचं वळण वेगळं, पण नजर बसल्यावर ओळखता आलं. सुरुवातीलाच सूरह मुल्क आहे. आमच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी पढली जाते, तीच. सारी सत्ता, सारी मालकी अल्लाहची, असं सांगणारी. जो माणूस कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्याने हीच सूरह निवडावी! त्यांनी कारण लिहिलेलं नाही. मला ते विचारावंसंही वाटलं नाही.

1865 मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. उमर त्याआधीच वारले, गुलाम म्हणूनच. पुढे आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. ज्यांना आपल्या मातीतली गुलामी दिसत होती, त्यांना अमेरिका दूर वाटली नाही.

यादवी युद्धाची कारणं हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणतात. आला तर गाईडमधले मुद्दे लिहीनच, मार्क त्यांनाच आहेत. पण गुलामगिरीच्या मुद्द्याखाली उमर इब्न सईद हे नाव पूर्ण लिहीन. निदान एका उत्तरपत्रिकेत तरी त्या लाखो गुलामांपैकी एकाला नाव असेल.