ओझे कमरेवर आणणारी सॅक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पाठीवरच्या सॅकचा इतिहास हा मुख्यतः ओझे खांद्यांवरून कमरेवर येण्याचा इतिहास आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात लॉइड नेल्सन यांनी ‘ट्रॅपर नेल्सन’ ही लाकडी चौकटीची, कॅनव्हासची सॅक बनवली. अलास्कात वापरलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या चौकटीवरून त्यांना ती सुचली. लाकूड पाठीला टोचू नये म्हणून चौकटीवर कॅनव्हास ताणलेले असे. सॅक भक्कम होती, पण भार खांद्यांवरच राही. खाकी लष्करी हॅवरसॅक घेऊन राजगड-तोरणा केलेल्या पिढीला पट्टा खांद्यात रुतणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा प्रश्न सोडवला तो ॲशर ऊर्फ डिक केल्टी यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते विमानाच्या कारखान्यात काम करत; ॲल्युमिनियम हलके असून किती ताण सोसते, हे त्यांना हाताळून माहीत होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरात चालताना सॅकच्या चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचली आणि खांदे एकदम मोकळे झाले, असे सांगतात. सगळी गोष्ट या खिशांत आहे. कमरेचे हाड रुंद, त्याखाली मांड्यांचे मोठे स्नायू. ओझे तिथे टेकले की शरीर ते तासन्‌तास वाहू शकते. खिशांच्या जागी पुढे कमरपट्टा आला. आज दुकानातली कोणतीही मोठी सॅक पाठीवर चढवली की आधी कमरपट्टा आवळायचा आणि मग खांद्यांचे पट्टे ओढायचे, हा क्रम त्यातूनच आला.

१९५२ साली कॅलिफोर्नियात ग्लेंडेलच्या राहत्या घरी डिक आणि नीना केल्टी यांनी सॅक विकायला सुरुवात केली. नळ्या वाकवून चौकट डिक तयार करत, कापड नीना शिवत. पहिल्या वर्षी २९ सॅक खपल्या, प्रत्येकी २४ डॉलरला. नायलॉनचे कापड, चेन असलेले कप्पे, गादी लावलेले पट्टे आणि चौकटीला पिशवी जोडणाऱ्या सुट्या पिना, अशी तिची घडण होती. एखादी पिन हरवली तर नवी घालता येई. पिशवी विरली तरी चौकट टिके. दुरुस्त करता येणे हाच चांगल्या वस्तूचा खरा गुण, आणि तोच आता दुकानांत दुर्मीळ झाला आहे. १९६३च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत या सॅक होत्या.

नवऱ्याने आखायचे आणि बायकोने शिवायचे, अशी घरे आणखीही होती. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये गणिताचे प्राध्यापक लेरॉय होलुबार आणि ॲलिस यांनी घरातूनच गिर्यारोहणाचे सामान विकले. त्याच भागात जेरी कनिंगहॅम सॅक बनवत. दोरी एका बोटाने आवळून धरणारे, आज अनेक जॅकेटांवर दिसणारे छोटे बटण त्यांच्या नावावर जमा आहे. सिएटलची जॅनस्पोर्ट १९६७ची. तिचे नाव शिवणकाम सांभाळणाऱ्या जॅन लुईस यांच्यावरून पडले. इतिहासात नाव पुरुषाचे आणि टाके बाईचे, हा प्रकार नेहमीचाच. निदान इथे नाव तरी तिचे लागले.

१९६७मध्येच ग्रेग लोव्ह यांनी चौकट सॅकच्या आत घेतली. कडा चढताना किंवा स्कीइंग करताना बाहेरची चौकट डोलते, झाडीत अडकते. आतल्या चौकटीची सॅक पाठीला चिकटून राहते. हळूहळू बाहेरच्या नळ्या मागे पडल्या. तरी सपाट, लांबच्या वाटेवर जड ओझ्यासाठी त्या अजूनही चांगल्या, कारण पाठ आणि पिशवीमध्ये वारा खेळतो.

तुझ्या बोल्डरमध्ये कोणाच्या गॅरेजात अशी नळ्यांची जुनी सॅक पडून असेल, तर ती कचऱ्यात जाऊ देऊ नये. कापडाचा आतला जलरोधक लेप चिकट झाला असेल तर ती कोमट पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, पिना तपासाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत असा लेप फार लवकर सुटतो, म्हणून ती इकडे दिवाळीनंतर आणावी आणि राजगडावर एकदा तरी चढवावी. घरची माणसे वाट पाहतात.